ग्लुकोमीटरचा आकडा खरा की खोटा?

कोथरूडमधल्या ज्येष्ठांच्या एका शुश्रूषा केंद्रात मी सिस्टर इन्चार्ज आहे. आमच्याकडचे बरेच आजी-आजोबा इन्सुलिनवर आहेत. सकाळी ग्लुकोमीटर, म्हणजे शुगर मोजायचं मशीन, जो आकडा दाखवतं, त्यावरच नाश्त्याआधीचा डोस ठरतो. आकडा उगाच जास्त आला तर इन्सुलिन जास्त जातं, शुगर धाडकन उतरते आणि या वयात ते जिवावर बेततं. म्हणून मशीनचीच तपासणी करायचं मी मनावर घेतलं.

त्यासाठी कंट्रोल सोल्युशन लागतं. साखरेचं प्रमाण ठरलेलं असा हा द्रव रक्ताऐवजी स्ट्रिपला, म्हणजे मशीनमध्ये घालायच्या चाचणी-पट्टीला, लावायचा आणि स्ट्रिपच्या डबीवर छापलेल्या रेंजमध्ये आकडा येतो का ते बघायचं. आमच्या औषधवाल्याकडे ते नव्हतंच. "सिस्टर, हे कोणी मागतच नाही," म्हणाले. शेवटी मागवून घेतलं. आता नवी डबी फोडली, मशीन पडलं किंवा आकडा पटला नाही की चाचणी होते आणि रजिस्टरला नोंद होते. बाटली फोडल्याची तारीख तिच्यावरच लिहितो. आमचं सोल्युशन त्यानंतर ३ महिनेच चालतं.

पावसाळ्यात एक डबी रेंजबाहेर गेली. झाकण नीट लागलेलं नव्हतं आणि दमट हवेने स्ट्रिपवरचं एन्झाइम खराब होतं. अख्खी डबी टाकली. व्यवस्थापकांना खर्च खुपला, पण माझ्या मते त्यात घासाघीस नकोच.

हातांचंही तसंच. आंब्याच्या दिवसांत एका आजोबांची शुगर २८६ आली. जेवणात आमरस होता, बोटं नुसती फडक्याला पुसलेली. मावशींनी साबणाने हात धुऊन कोरडे केले, मी पुन्हा टोचलं, तर १७४! फळाचा रस लागलेलं बोट स्पिरिटने पुसून भागत नाही, धुवावंच लागतं.

मग लॅबशी तुलना. रिकाम्या पोटी शिरेतून रक्त काढतानाच बोटही टोचायचं. रक्त राखाडी बुचाच्या फ्लोराइड ट्यूबमध्येच हवं. साध्या ट्यूबमध्ये पेशी साखर वापरत राहतात आणि ती तासाला ५ ते ७ टक्के घटते. ग्लुकोमीटरसाठीच्या २०१३ च्या आयएसओ १५१९७ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० पैकी ९५ आकडे ठरलेल्या फरकात बसायला हवेत: लॅबची शुगर १०० च्या खाली असेल तर १५ मिलीग्रॅम, १०० किंवा जास्त असेल तर १५ टक्के. म्हणजे लॅबचे १६० असतील तर मशीनचे १३६ ते १८४ चालतील.

एका आजींचा आकडा मात्र दर वेळी लॅबपेक्षा बराच जास्त यायचा. त्याच मशीनवर कंट्रोल चाचणी व्यवस्थित, इतरांचे आकडेही जुळणारे. त्यांचे रिपोर्ट काढले तर हिमोग्लोबिन ७! लाल पेशी फार कमी असल्या की मशीन शुगर वाढवून दाखवतं. किती कमी चालतात ते स्ट्रिपच्या माहितीपत्रकात असतं. डॉक्टरांनी फाइलवर लिहून दिलं, डोस वाढवण्याआधी लॅबची शुगर बघा. हिमोग्लोबिन वर आलं की पुन्हा तुलना करणार आहोत. तोवर त्यांचं रक्त लॅबलाच जातं.