अंगावर येणारे घोडे

"रोज चहा पिताना हे घोडे अंगावर येणार का?" बायकोने विचारलं. येणारच, म्हणून तर भिंतीवर लावायला 'स्कॉटलंड फॉरेव्हर!' या चित्राची छापील प्रत निवडली होती. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईत स्कॉट्स ग्रेज या घोडदळाने केलेली चढाई लेडी बटलर या ब्रिटिश चित्रकर्तीने १८८१ मध्ये रंगवली. बाईंनी लढाई कधी पाहिली नव्हती. सरावात भरधाव येणाऱ्या घोडेस्वारांसमोर उभं राहून त्यांनी तो आवेग टिपला. प्रत्यक्षात त्या दिवशी जमीन इतकी चिखलाची होती की घोडे असे उधळलेच नसावेत. असो, भिंतीला काय त्याचं!

लेडी बटलर १९३३ मध्ये वारल्या, त्यामुळे कॉपीराइटची अडचण नव्हती. घोळ झाला तो मापात. लीड्सच्या कलादालनातलं मूळ चित्र सुमारे १०२ सेंमी उंच आणि १९४ सेंमी रुंद आहे, म्हणजे रुंदी उंचीच्या जवळजवळ दुप्पट. मी मात्र तयार ३६ बाय २४ इंचाचा कॅनव्हास मागवला. आला तेव्हा दोन्ही टोकांचे स्वार गायब! शिवाय चौकटीवर ताणताना कडा मागे दुमडल्या जातात, त्यात आणखी दीड-दीड इंच गेला. रांगेची लांबी हाच या चित्राचा जीव, आणि तीच कापलेली. परत पाठवला.

मग गणित मांडलं. उंची २४ इंच ठेवली तर रुंदी ४६ हवी. इंचाला १५० पिक्सेल धरले तर फाइल निदान ६,९०० पिक्सेल रुंद हवी. माझ्याकडची होती ३,०००ची. मोठी फाइल शोधण्यात दोन संध्याकाळी गेल्या.

या वेळी आधी नमुना म्हणून एक पट्टी छापून घेतली. एका घोड्याचं तोंड, फेंदारलेल्या नाकपुड्या आणि वर अस्वलाच्या कातड्याची उंच टोपी. दिवसा ठीक दिसलं, रात्री पिवळ्या दिव्याखाली पांढरा घोडा चक्क हळद लावल्यासारखा. दिवा बदलला, चित्राला हात लावला नाही. कॅनव्हासऐवजी कागदावर छापलं, भोवती पांढरी पट्टी सोडली आणि चमक न मारणारी काच बसवली.

टांगताना उभं राहून उंची ठरवली ही शेवटची चूक. सोफ्यावर बसलो तर टापा डोक्यावरून जायला लागल्या. चार इंच खाली घेतलं. वरची दोन भोकं फ्रेममागे आहेत, बायकोला अजून माहीत नाहीत.