काचेवरचा उलटा गणपती: रिद्धी-सिद्धीपर्यंत पोचलो

मंडळी, तंजावर पद्धतीच्या काचचित्राचं काम निम्म्याच्या पुढे गेलंय, म्हणून अपडेट टाकतोय. बाजारात ग्लास पेंटिंग म्हणून जे किट मिळतं, ट्यूबने आउटलाइन काढून आत पारदर्शक रंग भरायचे, ते हे नाही. यात काचेच्या मागच्या बाजूने रंगवायचं आणि बघायचं पुढून, म्हणजे जे सगळ्यात वर दिसणार ते सगळ्यात आधी.

विषय गणपती, दोन्हीकडे रिद्धी-सिद्धी. गणपती डाव्या सोंडेचाच हवा होता, त्यामुळे रेखाटन ट्रेसिंग पेपरवर करून कागद उलटा करूनच काचेखाली ठेवला. काम करताना सोंड उजवीकडे वळलेली दिसते, सिद्धीची नथ उजव्या नाकपुडीत आणि पदर उजव्या खांद्यावर, आणि हे सगळं बरोबर असतं! काच उचलून पुढून बघितली की सगळं जागेवर येतं, ते बघायला मला दर वेळी तेवढीच मजा येते. खाली "श्री" लिहायचं असेल तर तेही उलटंच गिरवा, आधी कागदावर हात बसवून.

आता डोळे. कॅनव्हासवर डोळ्यातला पांढरा ठिपका शेवटी देतात, इथे तो पहिला, मग काळी बाहुली, मग पांढरं बुबुळाभोवती आणि त्यावर अंगाचा रंग, आणि एकदा अंगाचा रंग चढला की डोळ्याला हात लावता येत नाही. म्हणून माझं मत असं की काचचित्राचा सगळा कस पहिल्या रेषांमध्येच लागतो, चेहऱ्याला घाई करूच नये. गालांची लाली, मानेखालची सावलीही अंगाच्या रंगाआधीच. मोत्यांचे ठिपकेसुद्धा आत्ताच देऊन घ्यायचे.

रंग इनॅमल वापरतोय, काच काहीच शोषत नाही त्यामुळे अ‍ॅक्रिलिक नखानेही निघतो. काच आधी स्पिरिटने पुसायची, बोटाचा तेलकट ठसा राहिला तर तिथे रंग धरत नाही. थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नका, टर्पेंटाइनने खालचा उचलला जातो, आणि पावसाळी हवेत वाळायला भयंकर वेळ लागतो. रेष सुधारायची असेल तर वाळल्यावर ब्लेडने हलकेच खरवडता येते.

मुकुट, बाजूबंद, साडीचे काठ इथे रंग भरलेलाच नाही, फक्त काळी नक्षी आणि पारदर्शक लाल-हिरवे खडे. मागून बेगड किंचित चुरगळून लावणार, चुरगळल्यामुळे उजेड वेगवेगळ्या कोनातून परततो आणि दागिना लकलकतो. लाकडी फळीवरच्या तंजावर चित्रात सोन्याचा वर्ख आणि उठावाचं काम असतं, काचेवर ते काम बेगड करते.

ही कला आपल्याकडे अठराव्या शतकात चीनच्या कॅन्टन बंदरातून व्यापाराबरोबर आली, आणि तंजावरला रुजली तेव्हा तिथे भोसल्यांचं राज्य होतं, दुसरे सरफोजी (१७९८-१८३२) वगैरे. आपला संबंध तिथून, म्हणूनच मला ही शैली जवळची वाटते. पुढे छापील देवांची चित्रं स्वस्तात मिळायला लागली, रविवर्मा प्रेस १८९४ ला मुंबईत सुरू झाला, आणि काचचित्रांचं गिऱ्हाईक कमी झालं. पुण्यात असाल तर केळकर संग्रहालयातली काचचित्रं जवळून बघा, आणि कुणाकडे घरात जुनं असेल तर मागची बाजू ओल्या फडक्याने अजिबात पुसू नका, रंग सुटून येतो.

उरलंय ते असं: सिद्धीची साडी, मूषक, मग बेगड आणि सगळ्यात शेवटी पार्श्वभूमी. ती गडद निळी द्यायची की शेंदरी यावर अडकलोय. शेंदरीत गणपतीच हरवेल असं वाटतं, त्यामुळे कल निळ्याकडे. फ्रेम करताना मागचा पुठ्ठा रंगाला टेकू द्यायचा नाही, मधे पातळ पट्ट्या घालणार.