आमची वाटचाल: "प्रिंटर ऑफलाइन दाखवतोय"

आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळा आलेली तक्रार ही, की अहो प्रिंटर चालू आहे, लाइट पेटलाय, कागद आहे, शाई आहे, आणि लॅपटॉप मात्र ऑफलाइन दाखवतोय. सुरुवातीच्या काळात असा फोन आला की मी बॅग उचलून निघायचो, स्क्रू ड्रायव्हर, जुने रोलर, सुती कापड, यूएसबी केबल सगळं घेऊन. तिथे गेल्यावर त्यातलं नव्वद टक्के सामान बाहेरही निघायचं नाही.

मी आणि माझा धाकटा भाऊ, दोघांनी मिळून हे काम सुरू केलं. आधी ऑफिसांमधले लेझर प्रिंटर दुरुस्त करायचो. तिथे काम सरळ असायचं, रोलर झिजला, बदला, ड्रम खराब झाला, बदला. मग घरोघरी हे वायरलेस ऑल-इन-वन यायला लागले, म्हणजे प्रिंट, स्कॅन, झेरॉक्स सगळं एकाच डब्यात आणि केबल नाही. २०१० साली आयफोनवर एअरप्रिंट, म्हणजे फोनवरून थेट प्रिंट द्यायची सोय, आली, पुढे अँड्रॉइड फोनवरूनही थेट प्रिंट द्यायची सोय झाली, आणि लोकांना वाटायला लागलं की आता घरात कुठूनही बटण दाबलं की कागद बाहेर. वाटणारच, खोक्यावर तसंच चित्र असतं. आम्हीही तसंच सांगून मशीन बसवून यायचो, वीस मिनिटांत काम उरकायचं.

आम्हाला खरं काम कुणी शिकवलं असेल तर एका निवृत्त शिक्षिका बाईंनी. त्यांचा प्रिंटर दर काही दिवसांनी ऑफलाइन जायचा. मी जायचो, लॅपटॉपमधला ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, काढून परत टाकायचो, प्रिंट निघायची, मी समाधानाने घरी. तिसऱ्या वेळी त्या शांतपणे म्हणाल्या, "दादा, तुम्ही असता तेव्हा चालतो हो, पण मी रात्री झोपताना सगळी बटणं बंद करते ना, त्याच्यानंतर कधीतरी जातो बघा." बस, उत्तर त्या वाक्यातच होतं. राउटर रात्री बंद, सकाळी चालू, आणि चालू झाला की तो घरातल्या प्रत्येक मशीनला नव्याने नंबर वाटतो, ज्याला आयपी अॅड्रेस म्हणतात. काल प्रिंटरला जो नंबर होता तो आज टीव्हीला गेला, प्रिंटरला दुसराच मिळाला, आणि लॅपटॉप बिचारा जुन्याच नंबरवर प्रिंट पाठवत बसला. प्रिंटर ठणठणीत, लॅपटॉप ठणठणीत, फक्त पत्ता चुकलेला. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या प्रिंटरसाठी एक नंबर कायमचा राखून ठेवला, लॅपटॉपवर प्रिंटर त्याच नंबरने नव्याने जोडला, दहा मिनिटांचं काम. त्यानंतर बाईंचा फोन ऑफलाइनसाठी परत आला नाही.

त्या दिवशी घरी येताना मला मनापासून वाईट वाटलं, की दोन चकरा मी ड्रायव्हर टाकण्यात घालवल्या आणि बाईंना साधं विचारलं नाही की बंद पडायच्या आधी घरात काय होतं. तेव्हापासून आम्ही एक वही ठेवली. फोन आला की पहिला प्रश्न मशीनचा मॉडेल नंबर नाही, पहिला प्रश्न "शेवटचा चालला तेव्हापासून घरात काय बदललं?" नवा राउटर आला का, वायफायचा पासवर्ड बदलला का, लॅपटॉप अपडेट झाला का, प्रिंटर एका खोलीतून दुसरीकडे हलवला का. लोक आधी म्हणतात काहीच नाही बदललं, आणि मग अर्ध्या मिनिटाने, हां, मुलाने नवीन राउटर आणलाय.

नवीन राउटर हे तर वहीतलं सगळ्यात जाडजूड पान आहे. घरगुती प्रिंटरपैकी बरेचसे राउटरच्या दोन वायफाय लहरींपैकी फक्त २.४ गिगाहर्ट्झची पकडतात, ५ गिगाहर्ट्झची त्यांना दिसतच नाही. दोन्हींची नावं वेगळी असतील आणि फोन ५ वर असेल तर सेटअप करताना अॅप बिचारं प्रिंटर शोधत गोल गोल फिरत राहतं. दोन्हींना एकच नाव असेल तरी काही मशीन पहिल्यांदा जोडताना अडतात, तेव्हा तेवढ्यापुरतं राउटरमधलं ५ बंद करायचं, प्रिंटर जोडून घ्यायचा, परत चालू करायचं, पुढे फोन ५ वर राहिला तरी प्रिंट निघते. नव्या राउटरवर सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीवर ठेवली असेल तर जुना प्रिंटर पासवर्ड बरोबर असूनही आत येत नाही, तिथे डब्ल्यूपीए२ आणि ३ दोन्ही चालणारा पर्याय निवडावा लागतो. आणि कुणी प्रिंटर गेस्ट नेटवर्कला जोडला असेल तर मग विषयच संपला, कारण गेस्ट नेटवर्क बनवलेलंच असतं पाहुण्यांची मशीन घरातल्या मशीनपासून लांब ठेवायला.

२०२० मध्ये सगळे घरून काम करायला लागले तेव्हा आमचा फोन अक्षरशः गरम राहायचा. आईचं ऑफिस, बाबांचं ऑफिस, मुलांची शाळा, आणि प्रिंटर एक. तेव्हाची सगळ्यात मोठी तक्रार अशी की घरचा लॅपटॉप प्रिंट देतो पण ऑफिसचा देत नाही. बहुतेक वेळा ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन, म्हणजे थेट ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारं सॉफ्टवेअर, चालू असायचं, त्यामुळे लॅपटॉप घरात टेबलावर असला तरी नेटवर्कच्या हिशेबाने ऑफिसात बसलेला असायचा, त्याला शेजारचा प्रिंटर दिसणार कसा. व्हीपीएन सोडा, प्रिंट द्या, परत जोडा, एवढं फोनवर सांगून भागायचं. आणि जिथे व्हीपीएन सोडायचं नाही असा कंपनीचा नियमच असेल तिथे आम्ही सेटिंगला हात लावायचा नाही, फाइल घरच्या मशीनवर घ्यायला सांगायचंही नाही, हे आम्ही दोघांनी ठरवूनच टाकलं होतं. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला इंटरनेटवरून प्रिंट पाठवायची गूगल क्लाउड प्रिंट ही सोय बंद झाली, आणि ज्यांचे जुने प्रिंटर त्याच्या भरवशावर फोनला जोडलेले होते त्यांना प्रत्येकाला बसून दुसरी वाट करून द्यावी लागली.

आता एक अनुभव जो सांगताना अजून जड जातं. एका घरी तक्रार होती की झेरॉक्स काढली की कागदाच्या वरपासून खालपर्यंत एक बारीक काळी रेघ येते. मी बघितलं, म्हटलं हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, खराब दिसतंय, हेड क्लिनिंग तीनदा चालवलं, तरी रेघ तशीच, मग नवी काळी कार्ट्रिज घालायला लावली. तरी रेघ. घरातली कॉलेजला जाणारी मुलगी बाजूला उभी राहून बघत होती, ती म्हणाली, "काका, मी काचेवर ठेवून काढते तेव्हा येत नाही, वरच्या ट्रेमधून घातलं की येते." मी झाकण उघडून नीट बघितलं. मोठ्या काचेच्या डाव्या बाजूला एक अरुंद काचेची पट्टी असते, वरून आपोआप जाणारा कागद त्या पट्टीवरून सरकतो आणि स्कॅनर तिथेच एका जागी थांबून वाचत असतो. त्या पट्टीवर मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढा व्हाइटनरचा वाळलेला ठिपका होता. स्कॅनर एका जागी, ठिपका एका जागी, कागद पुढे सरकतोय, म्हणून एका ठिपक्याची अख्खी रेघ. किंचित ओलसर कापडाने पुसला, नखाने हळूच सोडवला, रेघ गेली. कार्ट्रिजचे आणि व्हिजिटचे पैसे मी तिथेच परत दिले. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, रेघ म्हटलं की आधी काचेवर ठेवून एक कॉपी, ट्रेमधून एक कॉपी, आणि संगणकावरून एक साधी प्रिंट. तीनही कागद शेजारी ठेवले की दोष स्कॅनरचा की छपाईचा ते डोळ्यांनी दिसतं.

शाईबद्दल लोकांचा राग सगळ्यात जास्त, आणि तो मला पटतो. "दहा पानं काढली आणि कार्ट्रिज संपलं" हे ऐकलं की आम्ही विचारतो, बंद कसा करता. बोर्डाचं बटण बंद करत असाल तर प्रिंटरला हेड आपल्या जागी नेऊन टोपीखाली ठेवायला वेळच मिळत नाही, हेड उघडं राहतं, शाई सुकते, आणि बऱ्याच मशीन परत चालू होताना साफसफाई करतात, त्यात शाई जाते. प्रिंटरचंच पॉवर बटण दाबा, आवाज थांबू द्या, मग बोर्ड बंद करा. साफसफाईतली ही शाई आतल्या एका स्पंजच्या पॅडमध्ये जिरते आणि तोही कधीतरी भरतो, म्हणून रागाच्या भरात दहा वेळा हेड क्लिनिंग चालवू नका. आधी नोझल चेक, म्हणजे शाईच्या छिद्रांची तपासणी करणारं रेषांचं पान, काढा, रेषा तुटक असतील तर एकदा, फार तर दोनदा क्लिनिंग, मग काही तास मशीन तसंच राहू द्या, सुकलेली शाई सैल व्हायला वेळ लागतो.

म्हणूनच आता नवीन मशीन घ्यायचं म्हणून कुणी आलं की आम्ही आधी महिन्याला किती पानं आणि त्यात रंगीत किती ते विचारतो. महिना महिना मशीनला हात न लावणाऱ्या, फक्त काळी पानं काढणाऱ्या माणसाला आम्ही इंकजेट, म्हणजे शाईवाला प्रिंटर, देतच नाही, त्याला लेझर सांगतो, टोनर ही पूड असते, ती हेडात सुकायचा प्रश्नच नाही. शाळेचे प्रोजेक्ट, रंगीत चित्रं, रोजचा वापर असेल तर टाकीवाला इंकजेट. यात कधी कधी हातचं गिऱ्हाईक जातं, पण तेच गिऱ्हाईक सहा महिन्यांनी वैतागून फोन करतं तेव्हा जे वाटतं ते मला नको असतं.

मशीन बसवायला आता वीस मिनिटं नाही, दीड तास लागतो. घरातल्या प्रत्येकाच्या फोनवरून एक एक प्रिंट काढून घेतो, आजोबांच्या सुद्धा. कागदाचा साइज ए४ वर आहे की लेटरवर ते प्रत्येक लॅपटॉपवर बघतो, कारण लेटर राहिलं तर प्रिंटर मध्येच थांबून वेगळा कागद मागतो आणि लोकांना वाटतं बिघडला. निघताना राउटर बंद करून परत चालू करतो आणि मग शेवटची प्रिंट देतो, ती निघाली तरच बॅगेची चेन लावायची. एक कागद प्रिंटरच्या खालच्या बाजूला चिकटवून येतो, त्यावर प्रिंटरचा राखून ठेवलेला नंबर, वायफायचं नाव आणि तारीख, पासवर्ड मात्र लिहीत नाही.

मागच्या आठवड्यात त्याच शिक्षिका बाईंचा फोन आला, यावेळी स्कॅन होत नव्हतं. मी प्रश्न विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "लिहून घ्या दादा, प्रिंट निघतेय, राउटर तोच, नंबर तोच, परवा लॅपटॉप अपडेट झाला आणि स्कॅन तेव्हापासून बंद." मी वहीत लिहून घेतलं, स्कॅनचं सॉफ्टवेअर तेवढं काढून नव्याने टाकायला सांगितलं, आणि त्या काचेवर जुना फोटो ठेवून फोन तसाच कानाला लावून थांबल्या, मला स्कॅनरचा आवाज ऐकू आला.