अडला हरी, गाढवाची लीद आणि पाटी क्रमांक सहा

पाटी क्रमांक सहा गेली. म्हणजे राजस्थानातल्या मोलेला गावच्या धर्तीची, घोड्याचं उठावचित्र असलेली भिंतीवरची मातीची पाटी.

उडाली नाही, तुकडेही झाले नाहीत. घोड्याच्या मानेपासून खालच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत केसाएवढी एक रेघ, बस्स. भट्टी उघडली तेव्हा ती दिसलीसुद्धा नाही. मी आनंदाने पाटी उचलली, बोटाने टकटक केलं आणि फुटक्या घागरीचा आवाज आला. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतमंडळींची डोकी तपासली, तशी मी हल्ली बिस्क (एकदा भाजलेली माती) तपासते. फरक एवढाच, की माझ्याकडे सगळेच नामदेव निघतात.

आधीच्या एक ते चारही गेल्या, ती रडकथा मी पूर्वी लिहिली आहे. पाचचे कोपरे तव्यावरच्या पापडासारखे वर आले होते. तिचा फोटो टाकला तेव्हा कुणीतरी ‘ताट म्हणून वापर’ असं सुचवलं होतं, ते मी विसरलेले नाही. पाच आणि सहाच्या मध्ये मात्र माझी मोलेल्याची वारी झाली. त्यामुळे सहाकडून फार अपेक्षा होत्या. तिच्या पोटात अस्सल मोलेल्याच्या गाढवाची लीद होती! दोन किलो, वाळवून, चाळून, स्टीलच्या डब्यात घालून, वांद्रे टर्मिनसपर्यंत रेल्वेने आणि पुढे बसने पुण्याला. सासूबाईंनी शिकेकाई समजून डबा उघडला. त्यावर इथे लिहीत नाही.

प्रवासाचं थोडक्यात. उदयपूरहून नाथद्वाऱ्याला भरपूर बस आहेत, तिथून मोलेला दहा-बारा किलोमीटर, बनास नदीकाठी, राजसमंद जिल्ह्यात. नाथद्वाऱ्यात उतरून श्रीनाथजींचं दर्शन न घेता मी थेट रिक्षा पकडली, म्हणून आईने फोनवर ऐकवलं. गाव शोधावं लागत नाही. अंगणाअंगणात पाट्या उभ्या असतात. घोड्यावरचे देवनारायण, धर्मराज, काळा-गोरा भैरव, फणा काढलेले नागदेव. २०१२ साली पद्मश्री मिळालेले मोहनलाल कुम्हार याच गावचे. मी माघात गेले ते मुद्दाम, कारण या महिन्यात भिल्ल, गुर्जर, गरासिया मंडळी आपल्या भोप्याला (पुजाऱ्याला) बरोबर घेऊन देवऱ्यासाठी (देवस्थानासाठी) नवी पाटी न्यायला येतात. मी होते त्या दिवसांत असा एक जथा आला. भोपा पाट्यांच्या रांगेसमोर बराच वेळ गप्प उभा राहिला, मग एकीकडे बोट केलं. माझ्या डोळ्यांनी पाहता ती त्या रांगेतली सगळ्यात ओबडधोबड होती. माझ्या डोळ्यांना कोण विचारतंय!

आता मुद्द्यावर. मी गेले होते लिदीसाठी. माझं ठाम मत होतं की माझ्या पाट्या तडकतात कारण माती ‘बंद’ आहे, तिला श्वास घ्यायला जागा नाही. मी ऑनलाइन तयार ‘टेराकोटा बॉडी’, म्हणजे मिसळून आलेली माती, मागवली होती. लोण्यासारखी गुळगुळीत, चाकावर स्वर्ग, पाटीसाठी शत्रू. ग्रॉग (भाजलेल्या मातीचा भरडा) घातलेला आहे असं पाकिटावर लिहिलं होतं. मी चाळून पाहिलं, ग्रॉगचा दाणा औषधालाही सापडला नाही. (दुकानाचं नाव विचारू नका, चाकवाल्यांना ती माती आवडते आणि त्यात त्यांचं चुकत नाही.) मोलेल्यात तळ्याची माती, तिच्यात साधारण तीनास एक लीद, कालवून, तुडवून, मळून. लिदीतला गवताचा बारीक तंतू ओल्या मातीला धरून ठेवतो आणि पुढे भाजताना जळून जातो. त्याआधीच त्याच्या कडेने बारीक बारीक वाटा असतात, वाफ त्यातून निघून जाते. आपले कुंभारही लीद आणि राख घालतातच, मी काही नवीन सांगत नाहीये. पण ऐकणं वेगळं आणि कोपरापर्यंत हात घालून मळणं वेगळं. दुसऱ्या दिवशी काकासांनी, म्हणजे मला शिकवणाऱ्या कुंभारांनी, मला गोळा दिला तेव्हा हाताला समजलं की ही माती ताणली तरी तुटत नाही, लोंबते.

त्यांच्याकडचं मुख्य हत्यार म्हणजे भालडी. छिन्नीसारखी चपटी, एवढीशी. तिनेच कापायचं, तिनेच दाबायचं, तिनेच डोळ्याची कड काढायची. माझ्या पेटीत बावीस हत्यारं आहेत आणि स्लॅब रोलर (माती लाटायचं यंत्र) वेगळा. त्या रोलरचे हप्ते आत्ता कुठे संपले. तिथे पाटी हातानेच थापून थापून होते, भाकरीसारखी, आणि जाडी जिथे हवी तिथे हवी तेवढी. घोडा भरीव नसतोच. मातीच्या पट्ट्या उभ्या करत पोट, मान, पाय वर आणायचे आणि वरून बंद करायचं. पोटाखाली कुठेतरी न दिसेलसं भोक. सगळं माझ्या वहीत आहे. भोकाची जागासुद्धा आहे.

तरी सहा गेली.

दोन दिवस मी मातीला हात लावला नाही. मग तिसऱ्या रात्री फोटो चाळत बसले, रागानेच. एका फोटोत काकीसा पाटी थापतायत. मी तो फोटो त्यांच्या बांगड्यांसाठी काढला होता. मोठा करून पाहिला तर पाटीखाली जमिनीवर राख. चांगली जाडसर भुरभुरलेली. पुढच्या फोटोतही राख. त्याच्या पुढच्या फोटोत तीच पाटी, पण चार बोटं सरकलेली आणि कडांवर ओलं फडकं. तीन दिवस मी तिथे बसले, वही भरली, आणि पाटीखाली काय आहे ते एकदाही लिहिलं नाही. लिदीचं एवढं वेड लागलं होतं की राख दिसलीच नाही.

मी पाट्या कशावर वाळवते? प्लायवर. रोलरखाली दाबून, छान चिकटलेल्या. माती वाळताना आकसते. पाटी मोठी, खालून प्लायने धरून ठेवलेली, वरून वारा. मधला भाग ओला, कडा कोरड्या. कडांना आत यायचंय, खालचा पृष्ठभाग हलू देत नाही. मग ती कुठेतरी ताण साठवून ठेवते आणि भट्टीत मोकळी होते. मी मात्र इतके दिवस भट्टीला बोल लावत होते.

खात्री करण्यासाठी आठ फरशा केल्या, प्रत्येक १५ सेंमी चौरस, १२ मिमी जाड. चार केशवनगरहून आणलेल्या साध्या मातीच्या, चार लीद घातलेल्या. प्रत्येकीवर १० सेंमीची रेघ. दोन-दोन फरशा प्लायवर, वर्तमानपत्रावर, राखेवर आणि जाळीवर. साधी माती ९.३ पर्यंत आली, लिदीची ९.४५. म्हणजे लिदीने आकसणं थोडं कमी झालं, पण आकसणारच. आता गंमत ऐका. प्लायवरच्या दोन्ही वाकल्या, लीद असो की नसो! राखेवरच्या दोन्ही सपाट. वर्तमानपत्रावरची लिदीची सपाट, साधी किंचित डुगडुगते. जाळीवरच्या दोन्हींना उलट बाक आला, कारण तिथे खालूनच जास्त वारा. आठवीला उचलताना माझाच अंगठा लागून कोपरा गेला, तो मी धरत नाही.

मग लीद फुकट का? नाही. आठही मी मुद्दाम अर्धवट ओल्या भट्टीत टाकल्या, सोबत फारसं काही न ठेवता, कोपऱ्यात. (भट्टीच्या मालकीणबाईंना सांगून. एकदा न सांगता केलं होतं, तेव्हापासून माझ्या नावाने वेगळा नियम आहे.) साध्या चारांपैकी दोघींचे पापुद्रे उडाले. लिदीची एकही नाही. म्हणजे राख वाळवण्यासाठी, लीद भाजण्यासाठी. दोन वेगळे रोग आणि मी एकच औषध दोन्हीवर चोळत होते.

जाता जाता, ‘हवेचा बुडबुडा राहिला म्हणून फुटलं’ हे आता तरी बंद करूया. मोलेल्याचा घोडा आतून आख्खा हवाच असतो. फोडते ती वाफ. शंभर अंशांच्या आधी तीन-चार तास थांबा, चिमणीचं झाकण उघडं ठेवा आणि आरसा धरून बघा, धुरकटतोय का. धुरकटतोय तोवर पुढे जायचं नाही.

विजेच्या भट्टीत लीद घालणाऱ्यांसाठी मात्र इशारा. मोलेल्यात लाकूड, गोवऱ्या, वरून खापरांचं पांघरूण, सगळा धूर आकाशात. आपल्याकडे तो इमारतीच्या डक्टमध्ये. अडीचशे ते पाचशेच्या दरम्यान असा वास सुटतो की वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंनी गॅस कंपनीला फोन लावला होता. शिवाय घाई केली तर पाटी आतून काळी राहते. तोडलेल्या सहाचा गाभा पाव इंच कोळशासारखा होता, म्हणजे कार्बन जळायला वेळच मिळाला नव्हता. आता सहाशेपर्यंत तासाला साठ अंशांनी जाणार आहे. ५७३च्या आसपास मातीतला क्वार्ट्‌झ उडी मारतो (चढताना एकदम फुगतो, उतरताना आकसतो), तिथे जाताना आणि येताना दोन्हीकडे सावकाश. सहाला उतरताना मी घाई केली होती हेही कबूल करून टाकते. रविवार होता, पाहुणे येणार होते.

तर सातचा बेत. मुळात सात म्हणजे अठरा बाय चोवीस इंचांचे देवनारायण, त्यांच्या लीलागर घोड्यावर, अगदी तिथल्यासारखे. ते मी आता रद्द करतेय. हे लिहिता लिहिताच. फरशांचे आकडे टाईप करताना सारखा तो भोपा डोळ्यांपुढे येतोय. ती पाटी त्यांचा देव आहे आणि मी तिची नक्कल हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावणार. नकोच. आणि आपल्याकडे घोड्यावरचा देव कमी आहे का? देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक घ्या. घोडा, मागे म्हाळसा, हातात खड्ग, पायाशी कुत्रा. पाटीसाठीच केल्यासारखी रचना! टाकात जे उठाव ठोकून येतात ते मातीत पट्ट्यांनी आणायचे. कुत्र्याचं काय करायचं कळत नाहीये, तो फार खाली आहे आणि कोपऱ्याजवळ आहे, म्हणजे आधी तोच वाळणार. त्याला शेवटपर्यंत ओल्या फडक्यात ठेवीन.

आणि आकार? एक सलग पाटी नको. मोलेल्याचे लोक भिंतभर मोठी भित्तिचित्रं करतात ती तुकड्यांत, भाजून मग भिंतीवर जोडतात. खंडोबाचे चार तुकडे. सांधे सरळ नाही कापायचे, घोड्याच्या कडेने, लगामाच्या रेषेने फिरवायचे, म्हणजे सांधा चित्रातच लपेल. म्हाळसा एका तुकड्यात पूर्ण आली पाहिजे, हिच्या कमरेतून कापलं तर जेजुरीला तोंड दाखवता येणार नाही.

सध्या पहिले दोन तुकडे राखेवर आहेत. राख कोळशाच्या इस्त्रीवाल्या दादांकडून, पिठाच्या चाळणीने चाळून (ती चाळणी आता माझी, घरात नवीन आणली). रोज सकाळी दोन्ही तुकडे चार बोटं सरकवते, काकीसांसारखे. काकासांना काल फोन केला होता, किती दिवस वाळवू म्हणून. ते म्हणाले, “धीरे-धीरे सूखबा दो, बाईसा,” आणि दिवस काही सांगितले नाहीत. कोपरे अजून जमिनीला टेकलेले आहेत, कागद खाली सरकत नाही.

अडचण एकच उरलीय. डब्यात लीद वाटीभर शिल्लक आहे, चार तुकड्यांना पुरणार नाही. वरातीच्या घोडीवाल्याकडची आणून पाहिली, पण घोडीला चणे-भुसा इतका चारतात की तंतूच नाही, नुसता चोथा. गाढवच हवं, उकिरड्यावरचं काड्या चघळणारं. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, मी तर धरायला तयार आहे, पण हडपसर-मुंढव्याच्या बाजूला गाढव आहे कुणाकडे? आठवड्याला एक टोपली लीद पुरे. मी स्वतः येऊन उचलीन, डबा घेऊन.