‘साउंड ऑफ म्युझिक’ची डिस्क : तक्रार कुणाची, दोष कुणाचा

‘द साउंड ऑफ म्युझिक’ची डिस्क घरी लावून पाहिलेल्यांची मतं एकत्र ऐकली, तर सगळे एकाच सिनेमाबद्दल बोलताहेत यावर विश्वास बसत नाही. कुणी म्हणतं, चित्र एवढं स्वच्छ की गवताची पाती मोजावीत. कुणी म्हणतं, धुरकट आहे, पोरांचे चेहरेही ओळखू येत नाहीत. ‘गाना भारी शेतस, पन चित्तर धाकलं दिसस’ (गाणी भारी, पण चित्र लहान दिसतं) हे धुळ्या-नंदुरबारकडचं ठरलेलं मत. यातली बरीचशी मतं सिनेमाबद्दलची नसतातच. कुठली डिस्क, कुठल्या वायरीने, कुठल्या टीव्हीला जोडली, याबद्दलची ती मतं असतात. म्हणून आधी तक्रारी निस्तरू, सिनेमाकडे नंतर वळू.

सिनेमा १९६५चा, दिग्दर्शक रॉबर्ट वाइज, लांबी १७४ मिनिटं. तो ६५ मिमीच्या निगेटिव्हवर टॉड-एओ पद्धतीने चित्रित केला होता आणि मोठ्या थिएटरांत ७० मिमीच्या प्रिंटवर दाखवला गेला. चित्राची रुंदी उंचीच्या २.२० पट. पहिली तक्रार इथूनच निघते.

‘वर-खाली काळ्या पट्ट्या येतात, डिस्क खराब आहे.’ डिस्क खराब नाही. हल्लीच्या टीव्हीची रुंदी उंचीच्या १.७८ पट असते. त्यात २.२० चं चित्र पूर्ण बसवायचं तर पट्ट्या येणारच. ४३ इंची टीव्हीवर वर पाच आणि खाली पाच सेंटीमीटर, ३२ इंचीवर साधारण पावणेचार-पावणेचार. एवढ्या सोसायला हरकत नाही. रिमोटवरचं ‘झूम’ दाबलं तर पट्ट्या जातात, पण त्यांच्यासोबत दोन्ही बाजूंची मिळून चित्राची जवळजवळ पाचवा हिस्सा रुंदी जाते. ‘फुल’ किंवा ‘स्ट्रेच’ने काही कापलं जात नाही, पण माणसं पाव पट उंच होतात आणि कॅप्टन, म्हणजे सिनेमातल्या सात मुलांचा बाप, बांबूसारखा दिसायला लागतो. टीव्हीत ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ असेल ते चालू करा आणि प्लेअरच्या मेनूत टीव्हीचा आकार १६:९ ठेवा. प्लेअरमध्ये ४:३ राहिलं की चारही बाजूंनी काळी चौकट येते आणि मग ‘चित्तर धाकलं’ ही तक्रार खरी ठरते.

जुन्या डबा टीव्हीवर मात्र खरंच पंचाईत आहे. तिथे चित्र पडद्याच्या साठ टक्के उंचीत मावतं. हे टाळायला काही जुन्या प्रतींत चित्र बाजूने कापून पडदा भरलेला असतो, म्हणजे जवळजवळ चाळीस टक्के रुंदी गायब. दुसऱ्या एखाद्या सिनेमात ते खपून जाईल, इथे नाही. कॅप्टन शिट्टी वाजवतो आणि सात मुलं एका रांगेत उभी राहतात : लीझल, फ्रेडरिक, लुइझा, कर्ट, ब्रिगिटा, मार्टा, ग्रेटल. सगळी गंमत त्या पूर्ण रांगेत आहे. कापलेल्या प्रतीत रांगेची टोकं पडद्याबाहेर जातात आणि पाहणारा विचारतो, मुलं सात की पाच?

व्हीसीडीचं, म्हणजे डीव्हीडीच्या आधीच्या चकतीचं, थोडक्यात. खान्देशात अहिराणी विनोदी सिनेमे आणि गाण्यांच्या व्हीसीडी बसस्टँडजवळच्या दुकानांत भरपूर खपल्या, त्यामुळे पुष्कळ घरांत प्लेअर अजून शिल्लक आहे. पण व्हीसीडीच्या चित्रात रेघा अवघ्या २८८, त्यातही पट्ट्या वगळल्या तर पावणेदोनशेच्या आसपास. एका चकतीत ऐंशी मिनिटांपर्यंतच मजकूर मावतो, म्हणून हा सिनेमा तीन चकत्यांत जातो. अशा प्रतीवरून छायाचित्रणाबद्दल मत देऊ नये.

आवाजाबद्दल सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार : बोलणं ऐकू येत नाही, आणि गाणं लागलं की कानठळ्या बसतात. याची दोन कारणं. पहिलं सिनेमाचंच. सुरुवात ढगांतून आणि बर्फाच्या शिखरांवरून होते, आणि तेव्हा फक्त वारा ऐकू येतो. पाहणाऱ्याला वाटतं आवाज बंद आहे, तो रिमोटवर वाढवत नेतो. मग पक्षी, मग वाद्यवृंद, आणि मारिया, म्हणजे मुलांना सांभाळायला मठातून येणारी नायिका, टेकडीवर गिरकी घेऊन गायला लागते तेव्हा शेजारचे दार ठोठावतात. आवाजाची पातळी या प्रसंगावर ठरवू नका. नामावली संपल्यावर मठातल्या बायकांचं बोलणं सुरू होतं, ते स्पष्ट ऐकू येईल इतका आवाज ठेवा आणि पुन्हा हात लावू नका.

दुसरं कारण वायरिंगचं. डिस्कवर आवाज सहा वाहिन्यांत असतो आणि संवाद मुख्यतः मधल्या वाहिनीत. स्वस्त डीव्हीडी प्लेअरच्या पाठीमागे सहा ऑडिओ पिना असतात. त्यातल्या पुढच्या डाव्या-उजव्या दोनच टीव्हीला जोडल्या आणि मेनूत ‘डाऊनमिक्स’ (सहा वाहिन्या दोनांत मिसळायची सोय) बंद राहिलं, तर मधली वाहिनी कुठेच पोचत नाही. मग वाद्यं दणदणीत आणि माणसं मुकी. सेटअपमध्ये ‘स्पीकर सेटअप’ उघडा, ‘डाऊनमिक्स’समोर ‘स्टिरिओ’ निवडा. ‘एलटी/आरटी’ही चालेल, ‘ऑफ’ नको. जुळवलेल्या ५.१ सेटवर ऐकत असाल तर आधी मधल्या स्पीकरची वायर हलवून पाहा, बहुतेक तीच सैल असते. रात्री पाहायचं असेल तर ‘डीआरसी’ किंवा ‘नाइट मोड’ चालू करा. त्याने मोठा आवाज दबतो आणि बारीक उचलला जातो. गाण्याची खोली थोडी कमी होते, पण घरातली म्हातारी माणसं झोपतात.

आता सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी बोलली जाणारी गोष्ट. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी सिनेमातलं ‘डो-रे-मी’ हे गाणं बसवायला घेतलं, पेटीवाल्या सरांनी डिस्कबरोबर सूर लावला, आणि कुठलीच पट्टी जुळत नाही. काळी घेतली तर डिस्क थोडी वर, पुढची पांढरी घेतली तर डिस्क थोडी खाली. सर म्हणतात, गोऱ्यांची पट्टीच वेगळी. तसं काही नाही. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित झाला आहे. पाल पद्धतीची, म्हणजे भारत-युरोपाकडची, डीव्हीडी २५ चौकटींनी चालते, म्हणजे सिनेमा चार टक्क्यांनी पळतो. १७४ मिनिटांचा १६७ मिनिटांत संपतो आणि आवाज दुरुस्त केला नसेल तर सूरही चार टक्के चढतो. पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांतलं अंतर सहा टक्क्यांच्या जवळ असतं. म्हणजे चढलेला सूर दोन पट्ट्यांच्या मधोमध, जरा वरच्या बाजूला पडतो. स्केल चेंजरचा कीबोर्ड कितीही सरकवा, तो पूर्ण पट्टीनेच सरकतो, इथे उपयोग शून्य.

उपाय : एनटीएससी (अमेरिका-जपानकडची पद्धत) डीव्हीडी किंवा ब्लू-रे वापरा, त्यांत हा प्रश्न नाही. पालच डिस्क असेल तर ती कॉम्प्युटरवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये लावा आणि वेग ०.९६ करा. पण एवढ्याने सूर उतरत नाही, कारण व्हीएलसी वेग बदलला तरी सूर मूळचाच धरून ठेवतं. प्राधान्यांत ऑडिओच्या पानावर ‘टाइम-स्ट्रेचिंग’ची खूण काढायची, मग सूर जागेवर येतो. बहुतेक लोक इथेच अडकतात आणि डिस्कला शिव्या घालतात.

गाणं बसवताना आणखी एक. हे गाणं मुलांना सरगम शिकवतं असं सगळे म्हणतात, आणि पहिल्या पाच ओळींपर्यंत ते खरं आहे. पहिली ओळ सा रे ग सा ग सा ग, दुसरी रे ग म म ग रे म, सगळे शुद्ध सूर. सहावी ओळ धैवतापासून सुरू होते आणि तिथे गुपचूप तीव्र मध्यम येतो. सातवीत तीव्र मध्यमाबरोबर कोमल धैवतही. मुलं शुद्ध स्वरच लावतात आणि ओळ बेसूर होते. पोरांचा दोष नाही, चालच तशी रचली आहे. या दोन ओळी वेगळ्या काढून घोकून घ्याव्या लागतात.

आवाज नीट लागला की कानाला आणखी काही गोष्टी कळतात. कॅप्टन बोलतो एका गळ्याने आणि गातो दुसऱ्या. क्रिस्तोफर प्लमरच्या गाण्यांना आवाज बिल ली यांचा आहे. मठाच्या प्रमुख बाईंचं गाणंही अभिनेत्री पेगी वूड यांच्या गळ्यातलं नाही, ते मार्जरी मॅके यांनी गायलं. लता-आशाच्या मुलखातल्या प्रेक्षकाला यात वावगं काहीच नाही, पण मारिया झालेली ज्यूली अँड्र्यूज स्वतः गाते, त्यामुळे शेजारी ठेवलं की फरक जाणवतो.

चित्राच्या रंगाबद्दल मतं कायम दुभंगलेली असतात. जुन्या डीव्हीडीची सवय असलेल्याला २०१०ची ब्लू-रे थंड वाटते. ब्लू-रे पाहिलेल्याला जुनी डीव्हीडी पिवळट. ब्लू-रे उजवी आहे, यात वाद नको. ६५ मिमीच्या फिल्ममध्ये नेहमीच्या ३५ मिमीपेक्षा कितीतरी जास्त तपशील असतो आणि डीव्हीडीत तो मावतच नाही. मात्र टीव्ही ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’वर असेल तर टेकड्यांचा हिरवा रंग केळीच्या नव्या पोंग्यासारखा पेटतो आणि चेहरे शेंदरी होतात. ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ मोड लावा, शार्पनेस शून्याजवळ आणा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, नाहीतर साठ वर्षांपूर्वीचा सिनेमा कालच्या मालिकेसारखा दिसतो.

पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांनी जोडलेलं चित्र धुरकटच दिसणार. प्लेअरला एचडीएमआय असेल तर तीच वापरा. नव्या टीव्हीत तीन पिनांऐवजी एकच बारीक भोक असतं, त्याची जोडवायर बाजारात मिळते, पण सगळ्या वायरींत आतली जोडणी सारखी नसते. चुकीची लागली तर चित्र उड्या मारतं किंवा स्पीकरमधून घरघर येते. अशा वेळी टीव्ही दुरुस्तीला नेण्याआधी वायर बदलून पाहा.

डिस्कची निगा, खान्देशाच्या हवेत. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. डिस्क वितळत नाही, पण आडव्या थप्पीत वजनाखाली राहिली तर वाकते, आणि वाकलेली डिस्क कडेपाशी अडखळते. डब्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, गच्चीला लागून असलेल्या माळ्यावर नको. धूळ पुसायची ती मधून कडेकडे सरळ, गोल नाही. चिकट डाग असेल तर पाणी आणि साबणाचा एक थेंब. टूथपेस्टचा सल्ला ऐकू नका, विशेषतः ब्लू-रेसाठी. ब्लू-रेची माहिती पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिमी आत असते, डीव्हीडीची ०.६ मिमी. व्हीसीडीत ती छापील बाजूच्या पातळ लेपाखालीच असते, म्हणून तिथे वरून पडलेला ओरखडा जास्त घातक. डीव्हीडी मध्येच क्षणभर थबकून पुढे गेली तर घाबरू नका. दोन थरांची डिस्क एका थरावरून दुसऱ्यावर जाताना तेवढी थांबते.

राहिला सिनेमा. ‘पहिला भाग छान, दुसरा लांबवलाय’ हे मत जवळजवळ सगळीकडे ऐकू येतं, आणि त्याला आधार आहे. मध्यंतरानंतर नवी गाणी दोनच, बाकीची पहिल्या भागातली परत येतात. मुलांसोबत पाहायचं असेल तर एका बैठकीत उरकू नका. मारिया चिठ्ठी ठेवून घर सोडते तिथे मूळ मध्यंतर आहे, तिथेच थांबा. दुसऱ्या भागाआधी मुलांना १९३८ साली जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्याचं दोन वाक्यांत सांगा, नाहीतर कॅप्टन नाझी झेंडा का फाडतो ते कळत नाही. ‘परिचय’ पाहिलेली पिढी म्हणते, ही तर आपलीच गोष्ट. शिकवणारा मास्तर, हट्टी मुलं, सरगमचं गाणं, साम्य उघड आहे. पण गुलजारांचा सिनेमा १९७२चा, त्यामुळे कुणी कुणाकडून घेतलं हा वाद लवकर मिटतो.

शेवटी कुटुंब डोंगर ओलांडून स्वित्झर्लंडला निघतं, त्यावर काही चोखंदळ प्रेक्षक हरकत घेतात, आणि ती रास्त आहे. साल्झबुर्गमधून असं डोंगर चढत निघालं तर माणूस स्वित्झर्लंडला नाही, जर्मनीत पोचतो. खरं कुटुंब १९३८ साली आगगाडीत बसून इटलीला गेलं, आणि मारिया-कॅप्टनचं लग्न तर १९२७ सालीच झालं होतं. पडद्यावर आगगाडीपेक्षा डोंगर देखणा दिसतो, एवढंच कारण.

डिस्क जुन्या बाजारातून घेणार असाल तर डब्याच्या पाठीवर तीन गोष्टी वाचा. चित्राचं प्रमाण २.२० लिहिलेलं असावं, ‘फुल स्क्रीन’ असेल तर ठेवून द्या. पाल की एनटीएससी ते पाहा, पेटीवर गाणी बसवायची असतील तर एनटीएससी. आणि विभाग, म्हणजे रीजन कोड : भारतात विकलेल्या डीव्हीडी प्लेअरचा ५, ब्लू-रेचा सी. परदेशातून नातेवाइकांनी आणलेली डिस्क इथे ‘चुकीचा विभाग’ म्हणून बाहेर येते ती याच कारणाने. चकती उजेडाकडे धरून पाहा. कडेला तपकिरी डाग पसरलेला दिसला तर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, कारण तो डाग पुसून जात नाही आणि बिघाड तिथूनच सुरू होतो.