मीटर म्हणतो लीन, प्लग काळा कुळकुळीत

मे महिन्यातली गोष्ट, सोलापूरचं ऊन माहितीच आहे, दुपारी पाना उचलला की चटका बसतो. एक पोरगा जुनी कार्ब्युरेटरवाली जिप्सी घेऊन आला, सोबत ऑनलाइन मागवलेला एअर-फ्युएल मीटर (एक भाग पेट्रोलला वजनानं किती भाग हवा ते सांगणारा), रंगीत लाईटींचा. म्हटलं दादा हा नॅरोबँड, ह्याचा सेन्सर १४.७ च्या, म्हणजे हवा-पेट्रोल बरोब्बर जमतं त्या आकड्याच्या आसपास इकडून तिकडं उडी मारतो बस, फुल रेसला १२.५ चाललंय का १३.५ हे त्याच्या बापाला कळत नाही, नेमका आकडा दाखवणारा वाइडबँड घे. तोंड वाकडं केलं पण घेतला, बॉशच्या एलएसयू ४.९ सेन्सरवाला (४.२ ला मोकळ्या हवेत कॅलिब्रेट करत बसावं लागतं).

सायलेन्सरच्या पाइपला नट वेल्ड केला, सेन्सर वरच्या अंगाला तिरका बसवला, नाहीतर पाणी साचून आतलं सिरॅमिक तडकतं. चालू केली तर स्लोवर १८! लीन आहे, म्हणजे हवा जास्त पेट्रोल कमी, म्हणून मी मिक्श्चरचा स्क्रू सोडला, मग जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक) मोठा टाकला, तरी १७. आमचा हाताखालचा पोरगा मागं उभा, म्हणतो "मामा, डोळे चुरचुरालेत की". प्लग काढला तर काजळीच काजळी, म्हणजे पेट्रोल जास्त. आता खरं कोण?

तासभर गेला राव. शेवटी सायलेन्सरच्या तोंडावर फडकं दाबलं तर मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पहिल्या नळीच्या) जोडाशी फुस्स फुस्स, पॅकिंग जळालेलं. धूर जिथून बाहेर पडतो तिथूनच मधे मधे हवा आत ओढली जाते, सेन्सर मोजतो ऑक्सिजन, तो कुठून आला त्याला काय घेणं. रेस दिली की आकडा खाली यायचा, तेव्हाच माझ्या डोक्यात यायला पायजे होतं, पण नवीन मीटरची भुरळ. हाताखालचा पोरगा जोड बुजवायला सिलिकॉनची ट्यूब घेऊन निघाला, त्याचा हात धरला, सिलिकॉनच्या वाफेनं सेन्सरच मरतो.

नवीन पॅकिंग, जुना जेट परत. स्लोला लॅम्डा (१ म्हणजे बरोब्बर, खाली गेला की पेट्रोल जास्त) ०.९७, होटगी रोडला फुल रेसमध्ये ०.८७. मी लॅम्डावरच बघतो, कारण मीटरवरचा १४.७ साध्या पेट्रोलचा, २० टक्के इथेनॉलवाल्या ई-२० ला तो साडेतेराच्या आसपास येतो, उगा डोक्याला ताप.

जिप्सीवाला जाताना विचारतो, जुन्या मीटरचं काय करू? म्हटलं ठेव, गड्ड्याच्या जत्रेला पाळण्यावर लावू.