हाफकिनची इमारत मूळ कुणाची?

मुंबईत परळला असलेल्या हाफकिन या लस-संशोधन संस्थेचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. एवढी जुनी, भक्कम वास्तू, ती बांधली कुणी? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

मूळ जागा जेझुइट पाद्र्यांची. पुढे ती इंग्रजांनी घेतली आणि १७७०च्या दशकात विल्यम हॉर्नबी यांच्यापासून मुंबईचे गव्हर्नर तिथं राहू लागले. पाद्र्यांच्या चॅपलमध्ये मेजवान्या झडू लागल्या. १८७५मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स आले तेही इथंच उतरले. मग भोवती गिरण्या वाढल्या, हवा बिघडली, गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी कॉलऱ्यानं गेल्या आणि गव्हर्नरांचं बिऱ्हाड मलबार पॉइंटला हललं.

पण माझा जीव अडकलाय तो त्यानंतर आलेल्या माणसात. १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला. जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी भायखळ्याला प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ला आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९मध्ये त्यांची प्रयोगशाळा या रिकाम्या बंगल्यात आली. इथून लस देशभर जायची.

१९०२मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस घेतलेली १९ माणसं धनुर्वातानं दगावली. बाटली परळची, म्हणून दोष हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना पदावरून दूर केलं. खरं तर बाटली उघडण्याआधी चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. बूच काढताना लसीला कसला वासही आला नव्हता. धनुर्वाताचे जंतू परळपासूनच आत वाढत असते, तर घाण वास आल्यावाचून राहिला नसता. एवढी साधी बाब मान्य व्हायला १९०७ उजाडलं, तेही मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये जाहीर पत्र लिहिल्यावर. हा अन्याय वाचताना मला अजूनही संताप येतो.

हाफकिन भारतात परतले, पण कलकत्त्याला. परळची सूत्रं पुन्हा त्यांच्या हाती आली नाहीत.

म्हणून मूळ मालक विचारलात तर मी जेझुइटांचं नाव सांगते, पण हे घर मी हाफकिन यांचंच मानते. १९२५मध्ये संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं. तेव्हा ते हयात होते, याचं मला फार समाधान वाटतं.